पंखा फिरत होता

१

अप्पा भर दुपारी गेले. दवाखान्याच्या दारात, स्वतःच्याच गाडीच्या मागच्या सीटवर. नाकात नळी होती, मांडीवर ऑक्सिजनचं मशीन होतं आणि मशीन बंद होतं.

पोलिसांनी अपघाती मृत्यू लिहून फाईल मिटवली. डॉक्टरांनी मान हलवून सही केली. पण घराची कचेरी अशी सहजासहजी उठत नाही. तिथे निकाल लागला होता आणि आरोपीही ठरली होती. ती होती धाकटी सून. अप्पांना दवाखान्यात तीच घेऊन गेली होती, त्यांना गाडीत सोडून वर तीच गेली होती. एवढं पुरेसं होतं.

अप्पांची बहीण, म्हणजे घरातल्या सगळ्यांची आत्या, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे अंत्यविधीला येऊ शकली नव्हती. ती आली तेव्हा रडून रडून घर कोरडं झालं होतं आणि कोरड्या घरात माणसं फार स्पष्ट बोलतात. थोरल्यानं दारातच तिची बॅग घेतली आणि उंबऱ्यावरच सुरू झाला.

"मारलं गं आत्या हिनं अप्पांना. पिन नीट बसवायची, एवढं एक काम होतं! आंधळ्यालाही जमलं असतं."

"असं नका हो बोलू." थोरली आतून धावत आली. तिनं नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला. "बिचारीनं घाईत किल्ली काढून नेली. चूक कुणाच्या हातून होत नाही? आत्या, तुम्ही आधी बसा. गुडघा कसा आहे?"

थोरली अशीच होती. घरात कुणाचंही भांडण होवो, पाण्याचा तांब्या घेऊन मध्ये उभी राहणारी. आता धाकटीचं ताट तिच्या खोलीत नेऊन देणारीही तीच होती, कारण धाकटी बाहेर येऊन जेवतच नव्हती.

आत्याचं सगळं आयुष्य विमा कंपनीसाठी गाड्या तपासण्यात गेलं होतं. ठोकलेल्या, जळलेल्या, बुडालेल्या आणि मुद्दाम बुडवलेल्या. समोरचा रडत असताना त्याच्याकडे न बघता गाडीकडे बघायची तिला सवय होती. या सवयीपायी तिचा नातेवाइकांत प्रेमापेक्षा वचक जास्त होता. पण तिचा दादा गेला होता, आणि या खेपेला तिला स्वतःलाच रडू येत होतं. तरी ती काठी टेकत धाकटीच्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

"सांग. पहिल्यापासून."

"काय सांगू? सगळ्यांना माहीतच आहे."

"सगळ्यांना सोड. तू काय पाहिलंस?"

धाकटी पलंगाच्या कडेवर बसली होती. तिचा नवरा बोटीवर कामाला. परवा तो घरी पोचणार होता. फोनवर एवढंच म्हणाला होता, 'मी आल्यावर बघू.' या तीन शब्दांनी तिची झोप उडाली होती.

"दर आठवड्याला तेच करायचो, आत्या. अप्पांना वर रांगेत उभं राहवत नाही. मी जाऊन नंबर लावायचा, नंबर जवळ आला की खाली येऊन त्यांना न्यायचं. मशीनची स्वतःची बॅटरी फुगली होती, ती कंपनीकडे गेली होती. म्हणून मशीन गाडीच्या सॉकेटवर चालवायचं. दुतोंडी पिन आहे ती. एका तोंडात मशीन, दुसऱ्यात अप्पांचा छोटा पंखा. पिन मी आतपर्यंत दाबली होती."

"मग?"

"किल्ली काढली, उतरले, दार लावलं. आणि वळून बघितलं. नेहमी बघते. पंखा फिरत होता. मशीनचा हिरवा दिवा लागला होता."

"किल्ली काढल्यावर?"

"हो. आपल्या गाडीत सॉकेटला किल्ली लागतच नाही ना. त्या भरवशावर तर त्यांना बसवून जायचे." तिनं चादरीची सुरकुती ओढून सरळ केली. "वर गर्दी फार होती. नंबर लांबला. खाली आले तेव्हा पंखा थांबला होता."

"पिन?"

"लोकांनी दार उघडून सगळं उपसून काढलं. कुणी बघितली पिन? सगळे म्हणतात सैल होती." तिचा आवाज अगदी खाली गेला. "आता मलाही तसंच वाटायला लागलंय. मीच नीट दाबली नसेल. तो आला की सांगून टाकते, माझीच चूक आहे म्हणून. निदान हे रोजचं संपेल."

खोट्या आरोपातून माणूस सोडवता येतो; पण त्यानं स्वतःच आरोप गिळला तर सोडवणार कोण? हातात उद्याचा दिवस होता.

२

गल्लीच्या तोंडावर गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. मालकाला सगळे 'करंट' म्हणत. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागलं असतं. सकाळी आत्यानं त्याला इमारतीखाली गाडीपाशी बोलावून घेतलं.

"अहो, मी तपासलंय की!" करंट म्हणाला. "अप्पा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. थोरल्यांनीच बोलावलं. सगळं घर उभं होतं इथे. किल्ली थोरल्या वहिनींच्या हातात, सॉकेटमध्ये माझा दिवा. पेटला! चहा पिऊन आलो तरी पेटलेलाच. मग दिवा काढून ती पिन पंख्यासकट परत खोचली. सॉकेट ठणठणीत, तार ठणठणीत. मशीनवाल्याचं मशीनही ठणठणीत. मग राहिलं कोण?"

"राहिलं कोण ते मी बघते. फ्यूज पाहिलास?"

"वीज येतेय म्हटल्यावर फ्यूज कशाला बघायचा? ताप नसताना गोळी घेतात का?"

उत्तर बिनतोड होतं. आत्या पुढच्या सीटवर बसली. डॅशबोर्डवर अप्पांचा पंखा अजून तसाच होता, दुतोंडी पिनेत खोचलेला, मान किंचित मागच्या सीटकडे वळवलेला. त्याची पाती निश्चल होती. तिनं किल्ली फिरवली. गाडीनं 'टक्' केलं आणि गप्प बसली.

करंट हसला. "झालं सुरू! जुनी खोड आहे ही. त्या पंख्याचं बटण तुटलंय, त्याला वीज मिळाली की तो फिरणारच. रात्रभर फिरतो आणि बॅटरी पिऊन टाकतो. सकाळ झाली की मला हाक, नाहीतर शेजाऱ्यांना धक्का मारायला. थोरल्या वहिनी गाडी घेऊन शाळेत शिकवायला जातात ना, त्यांची रोज तारांबळ. अप्पांना किती सांगितलं, पंखा काढा. ऐकतील तर ना! म्हणायचे, गाडी माझी, पंखा माझा, घाम माझा."

दादाचा आवाज जसाच्या तसा कानात आला आणि आत्याला हसू आणि हुंदका एकदमच फुटला. तिनं चष्मा पुसला.

"रोज हाक यायची म्हणतोस. दादा गेला त्याच्या आधीच्या आठवड्यात कितीदा आली?"

करंट बोटांवर वार मोजू लागला.

"त्या आठवड्यात... एकदाही नाही हो, बाई."

"पंखा काढला होता?"

"छे. येता-जाता दिसायचा की. इथेच, असाच."

"आणि तपासणीनंतर गाडी कुणी हलवली?"

"कुणी नाही. तेव्हापासून इथेच उभी आहे."

आत्या बराच वेळ त्या थांबलेल्या पात्यांकडे बघत राहिली. आधी बॅटरी रोज उतरत होती. आताही उतरली आहे. मधला एक आठवडा मात्र ती उतरली नाही, आणि त्याच आठवड्याच्या शेवटी दादा गेला.

"करंट," ती म्हणाली, "त्या आठवड्यात हा पंखा रात्री फिरत नव्हता. तुझं दिव्याचं सामान आण. आणि आडवा होऊन गाडीच्या पोटात शिरायची तयारी ठेव, माझा गुडघा ऐकणार नाही."

३

फ्यूजची पेटी ड्रायव्हरच्या पायाशी, डॅशबोर्डच्या खाली होती. ती बघायची तर डोकं पेडलपाशी आणि पाय रस्त्यावर, अशी शवासनाची तऱ्हा करावी लागे. करंट कुरकुरत आडवा झाला आणि त्यानं झाकण काढून वर दिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला कुठला फ्यूज कशाचा, याची चित्रं छापलेली होती. आत्यानं बोटानं सॉकेटचं चित्र शोधलं. ते दोनदा होतं, शेजारी शेजारी. एकासमोर नुसती बॅटरी, दुसऱ्यासमोर किल्ली.

"एकाच सॉकेटला दोन खाचा," ती म्हणाली. "फ्यूज बॅटरीच्या खाचेत बसवला तर सॉकेट चोवीस तास जिवंत. किल्लीच्या खाचेत बसवला तर किल्ली असेपर्यंतच. आता कुठे आहे?"

"बॅटरीच्या. बरोबर जागी आहे."

"आणि शेजारची खाच?"

"रिकामी." आतून विजेरी हलली. "बाई, बाकीच्या रिकाम्या खाचांत वर्षांची धूळ बसलीय. हिच्यात नाही. पितळ चकाकतंय. ताजे ओरखडे आहेत."

"म्हणजे फ्यूज इथे येऊन बसला होता, आणि परत गेला."

करंटनं दुकानातून चार्ज केलेली बॅटरी आणून जोडली. पंखा लगेच फिरू लागला. आत्यानं त्याला फ्यूज किल्लीच्या खाचेत बसवायला लावला, मग किल्ली फिरवून गाडी सुरू केली, थोड्या वेळानं बंद केली आणि किल्ली काढून मुठीत धरली.

पंखा फिरतच राहिला.

"झालं!" करंट कपडे झटकत उठला. "फिरतोय की. तुमचं गणित चुकलं."

"दार लाव आणि गप्प उभा राहा."

दोघं बाहेर उभे राहिले. वरच्या मजल्यावर कुणीतरी गादी झोडपत होतं. काचेतून पंख्याची पाती दिसत होती, आणि त्यांच्या वाऱ्यानं मागच्या सीटवरच्या टॉवेलचं टोक हलत होतं. वेळ फार सावकाश जात होता. करंट काहीतरी बोलायला वळला, तेवढ्यात गाडीच्या आत कुठेतरी बारीकसा 'कट्' असा आवाज झाला. पाती मंदावली, एकेक दिसायला लागली आणि थांबली. टॉवेलचं टोक खाली पडलं.

करंटनं काचेला नाक लावून आत पाहिलं.

"बऱ्याच गाड्या अशा असतात," आत्या म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. "किल्ली काढली तरी वीज थोडा वेळ राहते, काचाबिचा लावून घेता याव्यात म्हणून. मग गाडी आपणहून ती तोडते. पोरगी खरं बोलत होती. ती वळून बघत होती तेव्हा पंखा फिरतच होता. ती जिना चढून गेली आणि मग..."

दादा त्या वेळी डुलकी घेत असणार. मशीननं शिट्ट्या मारल्या असतील, पण त्याला कमी ऐकू यायचं, आणि रस्त्यावरच्या गोंगाटात गाडीतली शिट्टी कोण ऐकतो? आत्या काठीवर भार टाकून उभी राहिली आणि मनसोक्त रडली. करंट दुसरीकडे बघत राहिला.

"पण बाई," शेवटी तो म्हणाला, "हे काय कुणी मारायला केलं असेल? बॅटरी उतरू नये म्हणून केलं असेल हो. मीही केलं असतं."

"तू केलं असतंस तर गल्लीभर सांगितलं असतंस. करणाऱ्यानं बॅटरीसाठी केलं, हे मी मान्य करते." तिनं डोळे पुसले. "पण फ्यूज परत कुणी नेला? दादा दुपारी गेला, तू दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावलास तेव्हा सॉकेट पुन्हा जिवंत होता. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी इथे येऊन आडवं झालं. दादा कशानं गेला हे त्या माणसाला त्याच दिवशी कळलं होतं. आणि ते माणूस तुझ्या तपासणीला इथेच उभं होतं, धाकटीला शिव्या पडताना ऐकत."

४

अप्पा गेले त्या दुपारपासून धाकटी पोलीस चौकीत होती, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिला सोडलं नव्हतं. थोरला रात्रभर इस्पितळात बापाच्या शेजारून हलला नव्हता, शिवाय त्याला गाडी चालवता येत नव्हती, बोनेट कुठल्या बाजूला उघडतं हेही ठाऊक नव्हतं. आत्याला एकच प्रश्न विचारायचा उरला होता. तिनं तो थोरल्याला जाता जाता विचारला.

"अरे, दवाखान्यापासून गाडी घरी कुणी आणली?"

"आमच्या हिनं. का गं?"

"सहज."

थोरली स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. आत्याला बघून तिनं खुर्ची पुढे ओढली, पायाखाली पाट सरकवला. आत्या बसली. इतक्या मायेनं सरकवलेल्या पाटावर पाय ठेवताना तिला कसंसंच झालं.

"सकाळी गाडी सुरू व्हायची नाही म्हणे. तुझे फार हाल झाले असतील."

"सांगू नका. शाळेत रोज उशीर. मुख्याध्यापिका सगळ्यांसमोर बोलायच्या."

"आणि मग एकदम सुरू व्हायला लागली."

थोरलीची बोटं देठावर थांबली, आणि पुन्हा चालू लागली. "गाडीच्या लहरी. मला त्यातलं काय कळतंय?"

"एक गोष्ट मला उमगत नाहीये गं," आत्या म्हणाली. "सगळं घर म्हणतं, पिन सैल होती. पोलीस तेच म्हणतात, करंट तेच म्हणतो. आपला सॉकेट किल्लीशिवाय चालतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे किल्लीचं नाव कुणी काढत नाही. तू एकटी काढतेस. काल दारातच म्हणालीस, घाईत किल्ली काढून नेली. किल्ली नेल्यानं काय बिघडणार होतं?"

नळाचं पाणी बादलीत पडत होतं. थोरलीनं उठून नळ बंद केला. परत बसली नाही, ओट्याला पाठ टेकून उभी राहिली.

"मी फक्त जागा बदलली," ती म्हणाली. "झाकणावर चित्र होतं. किती सोपं होतं! अप्पांना पंखा काढा म्हटलं की ते चिडायचे, म्हणून सांगितलं नाही. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली त्या दिवशी मी गात गात शाळेत गेले, आत्या."

"मशीनची बॅटरी दुरुस्तीला गेलीय, हे ठाऊक होतं तुला?"

थोरलीनं पदराला हात पुसले.

"होतं."

"धाकटी त्यांना गाडीत ठेवून वर जाते, हेही?"

"मी एवढा विचारच केला नाही. शपथ. माझ्या डोक्यात सकाळची शाळा होती, दुसरं काही नाही." तिनं मान वर केली. "दवाखान्यापाशी मला बोलावलं तेव्हा थांबलेला पंखा दिसला, आणि मला सगळं कळलं. सगळे अप्पांबरोबर गेले. मी गाडी आणली, खाली लावली आणि... हात आपोआप गेले."

आत्यानं तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. तिला खरं-खोटं वेगळं काढता आलं नाही. कदाचित थोरलीलाही आता काढता येत नसावं.

"पहिल्यांदा फ्यूज हलवलास ती चूक होती. दुसऱ्यांदा हलवलास, ती चूक नव्हती. खाचेत ताजे ओरखडे आहेत."

"मग काय करू?" थोरली अगदी हळू बोलत होती, एखाद्या मुलाला झोपवावं तशी. "अप्पा परत येणार आहेत? हे मला घराबाहेर काढतील. ती तरुण आहे, सावरेल. मी आहे ना तिच्याकडे बघायला. तिला मी काही कमी पडू देत नाहीये. आणि आत्या, ओरखडे कुणाचे हे कोण सांगणार?"

हे शेवटचं वाक्यही तिनं तितक्याच सौम्यपणे उच्चारलं. आयुष्यभर तिनं लबाड माणसं पाहिली होती, पण ती ओरडत तरी होती.

"धाकटा उद्या येईल," आत्या काठी घेऊन उठली. "तो तिला काही विचारायच्या आत तू बोल. तू बोलली नाहीस तर मी बोलेन, आणि मी बोलले तर ते चूक म्हणून बोलणार नाही."

५

धाकटा आला तो बुटांसकटच बाहेरच्या खोलीत बसला. थोरला त्याच्या गळ्यात पडून रडला आणि लगेच पिनेवर आला. धाकटी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं बोलायला ओठ उघडले. काय बोलणार हे आत्याला माहीत होतं. तिनं थोरलीकडे पाहिलं. थोरली पाण्याचा ट्रे धरून उभी होती.

"भावोजी," थोरली म्हणाली, "पिन सैल नव्हती."

मग तिनं सगळं सांगितलं. फ्यूज, दोन खाचा, शाळा, ती संध्याकाळ. काही लपवलं नाही, हे तिच्या बाजूनं म्हणायलाच हवं. थोरला आधी 'काय बडबडतेस' म्हणून ओरडला, मग त्याला अर्थ लागत गेला आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला. धाकटा उठला, बायकोजवळ गेला, तिचा हात धरायला गेला. तिनं हात दिला, पण तिचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती थोरलीकडे बघत होती.

आत्याला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर अंगावर धावून जाईल. तसं झालं तर बरं, मोकळी होईल. धाकटीनं दोन्ही केलं नाही.

"ताई," ती म्हणाली, "बाकीच्यांनी शिव्या दिल्या. त्यांचं मला काही वाटत नाही, त्यांना माहीत नव्हतं. पण चौकीतून आल्यावर तुम्ही मला जवळ घेतलंत. माझे केस विंचरलेत. म्हणालात, कुणी करो न करो, मी तुला माफ केलंय." ती चौकट सोडून पुढे आली. "मी तुमच्या पाया पडले होते, ताई. तुम्ही पडू दिलंत."

थोरलीच्या हातातला ट्रे आत्यानं काढून घेतला. धाकटी उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली.